तेक्लाचा नवरा हयात आहे

मंगळवार, १६ फेब्रुवारी १९९३. सकाळी बर्फ थांबला, थंडी कडक. आज तेक्लाला माती दिली. वरची जमीन दगड झाली होती, माणसं पहाटेपासून कुदळी मारत होती. फादर झेनोन वेळेवर आले. वरच्या गावाहून दोमका आली. बस अर्ध्यात थांबली म्हणून उरलेली वाट चालली. जेवणाला बीटचं सार, कोबीच्या पानातला भात, मधातले गहू. गहू जरा कच्चेच राहिले. फादरनी प्रार्थनेसाठी घरातल्या मेलेल्यांची नावं विचारली. मी सांगितली.

एवढं दुपारी माणसं असतानाच लिहून ठेवलं होतं. आता घर रिकामं झालं आहे. नावांची गोष्ट एका ओळीत संपत नाही, म्हणून पुढे लिहिते.

तेक्ला डोंगराच्या पायथ्याच्या लुझ्की गावची. नवरा तनास छपरांच्या लाकडी फळ्या तासायचा. तिला मूल झालं नाही, पण गावात लग्न निघालं की पहिलं बोलावणं तिला असे. आमच्याकडे लग्नाचा एक मोठा गोड पाव असतो, कोरोवाय. वर पिठाची पाखरं, मध्ये झाडाची फांदी. तो मळायला सवाष्णच लागते, आणि तीही पहिल्याच लग्नाची. विधवेचा हात लागला तर नवरीचा संसार टिकत नाही म्हणतात. भट्टीतून काढल्यावर कोरोवायाला तडा दिसला तर नवरीची आई तिथेच रडायला बसते. तेक्लाच्या हातचा कधी तडकला नाही, हे तिने मला पुढे इतक्या वेळा सांगितलं की मी पाठ केलं होतं.

सत्तेचाळीस साली जंगलात लपून सरकारशी लढणाऱ्या पोरांना पाव दिला म्हणून शिपायांनी नवरा-बायकोला एकाच दिवशी उचललं. स्टेशनवर वेगवेगळ्या डब्यांत घातलं. तनास गर्दीतून ओरडला, "तेक्ला, कुऱ्हाड ओसरीबाहेर राहिली गं! गंजेल!" त्याचं ऐकलेलं शेवटचं बोलणं ते. त्याला उत्तरेला पाठवलं, तिला पूर्वेला.

मला ती भेटली कारागांदाच्या माळावर, कैदी बायकांच्या छावणीत. मी नन लोकांच्या शाळेत शिकलेली आणि पुढे खेडेगावात मुलांना शिकवणारी, म्हणून तिच्या तोंडी कायमची 'मास्तरीणबाई' झाले. विटांच्या भट्टीवर दोन दांड्यांच्या पाटीला आम्ही जोडीने असायचो, ती पुढे, मी मागे. पाठीवर आकडा, गुडघ्यावर आकडा. हजेरीला आकडाच पुकारायचे. नाव घ्यायचं ते बराकीत, आपापसात. सिस्टर मोनिका सणावारांचा हिशेब डोक्यात ठेवायच्या आणि उपासाचा दिवस आला की सांगायच्या, "आज उपास." त्यावर हाफ्का म्हणायची, "सांगितलंत ते बरं केलंत सिस्टर, नाहीतर आज मेजवानीच झोडणार होतो." हाफ्का बाजारात मासे विकणारी. जीभ सुरीसारखी, मन लोण्याचं.

तेक्लाचं स्वतःचं म्हणून एकच होतं: रुमाल. एक केस दिसणार नाही असा कपाळापर्यंत ओढून ती मागे दुहेरी गाठ मारायची. लग्न झालेल्या बाईची गाठ. हात गारठून बोटं वळत नसली तरी तशीच. पहारेकरीण खेकसायची, "काय नटतेस म्हातारे!" तेक्ला गाठ पुरी करूनच रांगेत उभी राहायची.

आमच्या झोपायच्या फळीवर नुस्या नावाची पोर होती, तेक्लाच्या डोंगरापलीकडच्या वरच्या गावची. शाळेच्या वयात पकडली. भट्टीच्या धुळीने छाती गेली होती. एक्कावन्नच्या जानेवारीत माळावर वादळ सुटलं. असं वादळ आलं की कामाला नेत नसत. बराकीपासून स्वयंपाकघरापर्यंत दोर बांधलेला असे, त्याला धरूनच जायचं. दोर सुटला तर माणूस वसंतात सापडतं. दवाखान्याकडे दोर बांधलेला नव्हता. नुस्या आमच्यातच पडून होती. ओठ निळे.

दुपारी तिने डोळे उघडले. "तेक्लामावशी, मला उघडीच नेतील ना?"

"कोण नेतंय तुला? या वादळात कुत्रं बाहेर पडत नाही."

"थांबल्यावर."

तेक्लाने तिच्या पायांवरची गोधडी उगाच सारखी केली.

"आमच्याकडे ओरिन्या वारली ना, लग्नाआधी, तिला नवरी करून पेटीत ठेवलं होतं. डोक्यावर हिरव्या वेलाची माळ, कोरोवाय, सगळं. माझ्या आईने माझा लग्नाचा सदरा भरून ठेवलाय. मी अशी आकडा बांधून गेले तर तिकडे मला कोणात बसवतील? मुलींत नाही, बायांत नाही." मग म्हणाली, "आईला काय सांगाल?"

आमच्याकडची रीत ती. कुवार मुलगी मेली तर तिचं लग्न लावूनच तिला मातीत देतात, नाहीतर ती अर्धवट राहते. पण रीत मेलेल्यांसाठी आहे. हाफ्का तेक्लाला बाजूला घेऊन म्हणाली, "जिवंतपणी करतेस? मरणाला अक्षता देऊन बोलावणं झालं हे."

"मेल्यावर तिच्या अंगावर चिंधी तरी ठेवणार आहेत का? माळ घालायला देतील आपल्याला? आत्ता नाही तर नाहीच."

 मग सगळ्यांत आधी सिस्टर मोनिकाच उठल्या. त्या दवाखान्यात लादी पुसायच्या. जखमेला लावायचं हिरवं औषध तळाला थोडं उरलेली बाटली त्यांनी गादीच्या भुशातून काढली. मी जुन्या पट्टीची पानं कापली आणि त्यात बुडवली. माझी बोटं वसंतापर्यंत हिरवी होती. पानं मात्र खरी दिसली, आईच्या परसातल्या वेलाच्या पानांसारखीच.

"नवरा कोण?" हाफ्काने विचारलं.

"माझा भाऊ घ्या," मी म्हटलं. "कॅनडात लाकडं तोडतो. बिनलग्नाचा आहे."

"पितो का?"

"पूर्वी प्यायचा."

"मग खराच नवरा. ऐकलंस नुस्या? कॅनडाचं स्थळ आलंय. वर सासू समुद्रापलीकडे, भांडायला यायची नाही."

नुस्या हसली आणि मग खूप वेळ खोकत राहिली.

बायकांनी आपापल्या वाट्याच्या काळ्या पावातून तुकडे दिले. ज्यांना कोपरा मिळाला होता त्यांनी कोपरा दिला. छावणीत पावाचा कोपरा देणं काय असतं, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. कोणी साखरेची पुडी काढली. सगळं लाकडी वाडग्यात जमलं आणि तिथेच सगळं अडलं. मळणार कोण?

हाफ्का एकेकीकडे बघू लागली. ती स्वतः विधवा. मी बिनलग्नाची. एकीच्या नवऱ्याने घटस्फोटाचा कागद पाठवला होता, दुसरीचं दुसरं लग्न. "सिस्टर, तुम्ही?"

"माझं लग्न येशूशी झालंय, तुला माहीत आहे."

"मग तुमचे यजमान हयात आहेत की! मेले होते ते परत उठले."

"हाफ्का, जीभ आवर." पण सिस्टर हसल्या. "मला मळता येत नाही गं. आमच्या मठात ते काम दुसरीकडे होतं."

आता सगळ्या तेक्लाच्या रुमालाकडे बघू लागल्या.

"तनासचं काही कळलं?" हाफ्काने विचारलं.

"नाही."

"पत्र?"

"स्टेशनपासून काही नाही."

"हे बघ, तेक्ला. एकतर आहे म्हण, नाहीतर नाही म्हण. अर्धी सवाष्ण यात चालत नाही."

तेक्ला फळीच्या कडेवर बसली होती. नाही म्हणाली असती तर स्वतःच्या तोंडाने विधवा झाली असती. आहे म्हणून हात घातला आणि तो नसला, तर पोरीचं लग्न नासलं असतं. बाहेर वादळ भिंतीला धडका देत होतं. नुस्या डोळे उघडे ठेवून वाट बघत होती.

"आहे," तेक्ला म्हणाली. "माझा तनास आहे." आणि दाराच्या फटीतून आत आलेल्या बर्फाने तिने हात धुतले.

तिने तुकडे पाण्यात भिजवून मळले. बायकांनी हलक्या आवाजात मळण्याचं गाणं म्हटलं. मला पिठाला शिवायची मुभा नव्हती, मी पाण्याचा मग धरून उभी राहिले. तिने तीन पाखरं केली, त्यांना चोची केल्या, आणि तो पाव शेगडीच्या पत्र्यावर ठेवून समोर बसून राहिली. तडा पडला नाही. हाफ्का माझ्या कानात म्हणाली, "फुगलाच नाही तर तडकणार कुठून?" पण मोठ्याने म्हणाली, "वा! गुळगुळीत!"

सिस्टरनी प्रार्थना म्हटली. माळ घातली. नुस्याने कोरोवायाचा तुकडा तोंडात धरला, गिळता आला नाही. बाकीचा आम्ही सगळ्यांनी खाल्ला, रीतच आहे, आणि खरं सांगायचं तर भूकही होती. वादळ उतरायच्या आत पोर गेली. पहारेकरणीने माळ ओढून शेगडीत टाकली, कपडे उतरवले, पायाला आकड्याची पाटी बांधली. फाटकापाशी गाडी थांबवून शिपायाने लोखंडी सळई मारून बघितली, आत कोणी जिवंत तर नाही ना. आम्ही खिडकीतून पाहिलं. तेक्ला म्हणाली, "माळ काढली तरी काय. ती आता कोणाची तरी आहे."

वसंतात नव्या तुकडीतून युस्तिना नावाची बाई आली, लुझ्कीच्या शेजारच्या खोऱ्यातली. आम्ही विटांची पाटी नेत होतो, तेक्ला पुढे, मी मागे. युस्तिनाने तिला ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तेक्ला, तुला कळलंय ना? तनासचं?"

"काय?"

"लाकडाखाली आला गं. माझा दीर त्याच्याबरोबर होता. त्यानेच पुरला."

तेक्लाने पाटी खाली ठेवली नाही. "कधी?"

"पहिल्याच हिवाळ्यात."

मी मागे होते, मला तिचा चेहरा दिसला नाही. रुमालाची गाठ दिसत होती. ती म्हणाली, "युस्तिना, तुला तुझ्या पोरांची शपथ. हे इथे किंवा घरी, कोणाजवळ बोलायचं नाही." आणि आम्ही पाटी पुढे नेली.

तिने गाठ बदलली नाही. रडताना मी तिला कधी पाहिलं नाही. एकदा भट्टीमागे मीच म्हटलं, "तेक्ला, तुला माहीत नव्हतं. देव असलं मोजत नाही."

"देव नसेल मोजत, मास्तरीणबाई. गाव मोजतं. त्या पोरीला गावच्या मेलेल्यांतच बसायचं होतं."

छप्पन साली सुटलो. माझं लग्न झालं, आम्ही या गावात घर केलं. तेक्लाच्या घरात सामुदायिक शेतीचं ऑफिस झालं होतं, म्हणून आमच्या मागची खोली तिला दिली. पहिल्याच उन्हाळ्यात ती म्हणाली, "वरच्या गावाला जायचंय. चल सोबत."

नुस्याची आई पलाह्ना. तिने आम्हाला बाकावर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. मुलगी गेल्याचा कागद तिला मिळाला होता. दारात धाकटी मुलगी दोमका, लग्नाच्या वयाची. पलाह्ना रडली नाही. विचारत गेली.

"माळ घातली?"

"घातली."

"हिरवी?"

"हिरवी. या मास्तरीणबाईंनी केली."

"नवरा कोण दिला?"

"यांचा भाऊ. कॅनडातला."

"कोरोवाय?"

"केला."

"कोणी मळला?"

तेक्ला म्हणाली, "मी."

पलाह्नाने तिच्या रुमालाकडे पाहिलं. खेड्यातली बाई ती, तिला कशाकडे बघायचं ते माहीत होतं. "नवरा आहे ना गं तुला?"

"आहे."

"कुठे असतो?"

"उत्तरेलाच. सुटल्यावर कामाला राहिला तिकडे. येईल."

तेव्हा पलाह्ना खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. रडणं झाल्यावर उठून तिने पेटी उघडली, तो भरलेला सदरा काढला आणि दोमकाच्या हातात दिला. "घे. आता तू घाल. तिचं लागलं."

परतताना तेक्ला माझ्या पुढे डोंगर उतरली. खाली पुलापाशी म्हणाली, "आता तो मरायचा नाही."

त्या शरदात दोमकाचं लग्न त्याच सदऱ्यात झालं. कोरोवाय मळायला तेक्लाला सन्मानाने बोलावलं होतं. ती म्हणाली, विटांनी हात गेलेत, पीठ धरत नाहीत. त्यानंतर कुठल्याच लग्नात तिने पिठाला हात लावला नाही. गेली तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायची.

दर ईस्टरला वरच्या गावाहून रंगवलेली दोन अंडी यायची, एक तेक्लाला, एक तनासला. पलाह्ना गेल्यावर दोमका पाठवू लागली. तेक्ला आपलं खायची आणि तनासचं कपाटात ठेवायची. वर्षानुवर्षं ठेवली.

गावाने मग हिशेब केलाच. नवरा उत्तरेत राहिला, येत नाही, लिहीत नाही, म्हणजे तिकडे दुसरी असणार. दुधाच्या रांगेत शेजारीण म्हणायची, "काय तेक्ला, तुमचे साहेब यंदा तरी येणार का? का तिकडची लई गोरी आहे?" तेक्ला किटली पुढे करून म्हणायची, "त्याचं तो जाणे." टाकलेली बाई म्हणून तिने आयुष्य काढलं. माझा नवरा वारला तेव्हा मी काळा रुमाल बांधला, महिन्यांच्या प्रार्थना केल्या, माणसं येऊन बसली, रडली. तेक्ला माझी भांडी घासत होती. मला तेव्हा तिच्याकडे बघवेना.

तीनेक वर्षांपूर्वी सरकारने बंद पाडलेलं आपलं चर्च पुन्हा उघडलं, आणि छावण्यांत मेलेल्यांसाठी टेकडीवर क्रूस उभा केला. ज्याचं कोणी मेलं होतं त्याने नाव द्यायचं, तेव्हाचे फादर ते मोठ्याने वाचणार होते. मी तेक्लाला म्हटलं, "पलाह्ना गेली आता. आता तरी दे त्याचं नाव."

"दोमका आहे ना."

"दोमका पन्नाशीची झाली तेक्ला, तिला नातवंडं आहेत."

"तेच म्हणतेय. किती घरं उभी आहेत त्यावर, मोज."

नावं वाचत होते तोवर ती हातात मेणबत्ती धरून उभी होती. तनासचं नाव आलं नाही. त्याच्या हाडांवर कोणी प्रार्थना म्हटली नव्हती, हे या गावात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात ताप चढला. शुद्धीवर होती. मी पाणी पाजलं तर म्हणाली, "तो रागावला असेल माझ्यावर."

"कोण?"

"इतकी वर्षं उपाशी ठेवला त्याला. एक मेणबत्ती नाही, एक शब्द नाही." मग म्हणाली, "मास्तरीणबाई, पोरीचं लग्न लागलं का गं खरंच?"

"लागलं."

"तुला काय माहीत. तू नन लोकांची शिकलेली."

"मग सांगू का फादरना? तनासचं नाव?"

तिने तोंड भिंतीकडे केलं. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मी पुन्हा दोनदा विचारलं. रविवारी सकाळी ती गेली. डोक्याला रुमाल मीच बांधला, मागे दुहेरी गाठ. काळा मिळत होता, घेतला नाही.

आज पेटी अंगणात ठेवली होती. फादर झेनोन तरुण आहेत, गावात नवे. हातात पेन्सिल घेऊन माझ्याजवळ आले. दोमका माझ्या उजव्या हाताला होती, बर्फाने बूट भिजलेले, हातात हिरव्या वेलाची माळ. आल्याआल्या तिने मला विचारलं होतं, "तनासकाकांना कळवलं का?" मी म्हटलं होतं, पत्ता नाही.

"वडील?" फादरनी विचारलं.

"इलको."

"आई?"

"यवदोखा. आणि भाऊ मिकिता."

"नवरा?"

मी तोंड उघडलं तेव्हा तनासचं नाव जिभेवर होतं, हे मी इथे लिहून ठेवते. एक नाव घेतलं असतं तर त्याला शेवटी एवढं तरी मिळालं असतं, तेही तिच्या शेजारी. दोमकाने माळ पेटीवर ठेवली आणि पानं नीट केली. दोमकाचं सगळं जगणं त्या एका शब्दावर उभं होतं, आणि शब्द जिचा होता ती हो-नको न सांगताच गेली होती.

"हयात आहे," मी म्हटलं.

फादरनी माझ्याकडे पाहिलं. तेक्लाचं वय त्यांना माहीत होतं, हिशेब त्यांनाही येत असणार. त्यांनी काही लिहिलं नाही. मग मोठ्याने वाचलं: इलको, यवदोखा, मिकिता, आणि आज त्यांच्यात आलेली तेक्ला. दोमका स्फुंदत होती. कोणीतरी मागून म्हणालं, "बघा, मातीलासुद्धा आला नाही मेला."

संध्याकाळी तेक्लाची खोली झाडली. कपाटातली अंडी पुसून परत टोपलीत ठेवली. एक तडकलेलं निघालं, आतलं केव्हाच वाळून गेलं होतं. ईस्टरचं अंडं आशीर्वादाचं असतं म्हणून बाहेर न टाकता चुलीत घातलं. सरपण उद्यापुरतं आहे.